बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला जीआयएस विषय घ्यावा का?

तुम्ही ठाण्यातल्या कॉलेजात बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहात. सहाव्या सेमिस्टरला जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जागेची माहिती संगणकावर नकाशाच्या थरांत ठेवून तपासायचं शास्त्र) किंवा एंटरप्राइज नेटवर्किंग यातलं एक निवडायचंय. भूगोल दहावीनंतर सुटला म्हणून धाकधूक आहे, आणि एका क्लासवाल्याने 'आधी आर्कजीआयएसचा (जीआयएसच्या एका सॉफ्टवेअरचा) कोर्स लावा, मग पुढचं बघू' असं सांगितलंय. प्रश्न एवढा आहे, असं धरून लिहिते.

घ्या. नेटवर्किंगची खरोखर आवड असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या भूगोलाच्या भीतीने जीआयएस सोडू नका. मी आयटी करूनच या क्षेत्रात आले, नवी मुंबईत काम करते, आणि हा विषय मला मनापासून आवडतो.

दहावीच्या भूगोलातलं कुठल्या देशात काय पिकतं हे इथे कोणी विचारत नाही. लागतात ते अक्षांश-रेखांश, आणि तेही पाठ करायला नाही, वापरायला. पूर्व रेखांश ७३ अंशाची रेघ वाशी स्टेशनच्या अगदी जवळून जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीच्या टोपोशीट, म्हणजे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे, १५ मिनिटांच्या चौकोनांत कापलेले असतात. त्यामुळे वाशीचा खाडीपूल ४७ ए/१६ या शीटवर येतो आणि नेरूळ शेजारच्या ४७ ई/४ वर. ठाणे स्टेशनही ए/१६ वरच आहे, पण घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत गेलात की १९ अंश १५ मिनिटांची रेघ ओलांडून तुम्ही ए/१५ मध्ये शिरता. पुस्तकातला निर्देशांकांचा धडा असा रोजच्या रस्त्यावर लावून बघा, परीक्षेसाठी वेगळं घोकावं लागणार नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडखळतात ती प्रक्षेपणाच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या धड्यात. तो वाचून समजत नाही, करून समजतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडा, मागे उपग्रहचित्र लावा आणि तलावपाळीच्या मासुंदा तलावाची कड पॉलिगॉनने गिरवा. हा गिरवलेला थर (लेयर) ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशात ठेवा; ईपीएसजी हा निर्देशांक पद्धतीचा क्रमांक. आता फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळ काढा. तिथे त्यासाठी दोन फंक्शनं आहेत. डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' पृथ्वीचा गोलवा धरून हिशेब करतं आणि चौरस मीटरमध्ये उत्तर देतं. (प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा हिशेबासाठी धरलेला आकार, निवडलेला आहे ना, तेवढं बघा.) कंसात भूमिती देऊन वापरायचं साधं 'एरिया' मात्र कागद सपाट धरून अंशांचाच गुणाकार करतं, आणि शून्याच्या पुढे बरीच शून्यं असलेला एक निरुपयोगी आकडा हातात ठेवतं. चौरस अंश हे मापच नव्हे. आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश साधारण १११ किलोमीटरचा भरतो आणि पूर्व-पश्चिम एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा, म्हणजे तो चौकोन चौरसही नाही. आता तोच थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये सेव्ह करा आणि दोन्ही फंक्शनं पुन्हा चालवा. आता दोन्ही उत्तरं चौरस मीटरमध्ये येतील आणि जवळजवळ सारखी असतील. जवळजवळच का, तंतोतंत का नाहीत, हे ज्या दिवशी स्वतःला सांगता येईल त्या दिवशी धडा संपला.

क्लासबद्दल. आत्ता पैसे घालवू नका. आर्कजीआयएस चांगलं सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच मोठ्या ऑफिसांत तेच चालतं, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि क्लास संपला की घरी सरावाला ते नसतं. क्यूजीआयएस फुकट आहे. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं आणि आज जगभरचे लोक मिळून ते वाढवतात. थर, जोडणी, बफर (एखाद्या गोष्टीभोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा), ओव्हरले (थरावर थर ठेवणं) या कल्पना दोन्हीकडे त्याच आहेत, बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या. एक नीट आलं की दुसरं ऑफिसात बसून अंगवळणी पडतं. शिकायला डेहराडूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स आहेत. ही इस्रोचीच संस्था, आणि या ऑनलाइन कोर्सांना विद्यार्थ्यांकडून फी घेत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसचे धडे आहेत. आपल्या देशाचे थर बघायला इस्रोचं भुवन हे संकेतस्थळ आहे. एवढ्या सामग्रीवर सेमिस्टर आरामात निघतं.

आयटीवाल्यांना या विषयात एक मोठा फायदा असतो आणि कॉलेजात तो कोणी सांगत नाही. तुम्हाला डेटाबेस येतो. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर पोस्टजीआयएस ही जागेच्या माहितीची जोड चढवली की तुमच्या टेबलात नाव, पत्ता, पिनकोड यांच्या शेजारी 'जागा' हाही एक कॉलम होतो, आणि क्वेरीत 'या नाल्यापासून ५० मीटरच्या आत असलेल्या इमारती दे' असं थेट विचारता येतं. भूगोलाकडून आलेल्या मुलांना जमिनीची जाण असते, पण दोन लाख इमारतींचा थर आला की त्यांचं मशीन अडकतं. इंडेक्स लावायचं त्यांना सुचत नाही, तुम्हाला सुचेल. पायथन येत असेल तर आणखी उत्तम. आमच्याकडे एकच काम प्रत्येक प्रभागासाठी पुन्हा पुन्हा करावं लागतं, तेव्हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची सगळे वाट बघत असतात.

पण जमिनीची जाण तुम्हाला कमवावी लागेल, आणि माझ्या मते जीआयएसमधलं खरं शिक्षण तेच आहे. समोरच्या थरातली रेघ कुठून आली, कधीची आहे, कोणी काढली, किती अचूक आहे, हे विचारायची सवय. मुलाखतीला मुलं येतात, सुंदर रंगीत नकाशे दाखवतात. मी विचारते, हा थर कुठून घेतलात? 'नेटवरून' एवढंच उत्तर आलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

नवी मुंबईचंच बघा. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. त्याआधी इथे भातशेती, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांची गावं होती. आज नकाशावर सेक्टर आखीवरेखीव दिसतात आणि मध्येच सानपाडा, करावे, सारसोळे, दिवाळे अशी गावठाणं येतात, गल्ल्या एकमेकींत गुंतलेल्या. अशा गावाचा जुना गावनकाशा स्कॅन करून आजच्या चित्रावर बसवायचा, म्हणजे जिओरेफरन्स करायचा, तर दोन्हींत सापडणारे समान बिंदू लागतात: देऊळ, विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. शेताच्या बांधांवर तर आता इमारती आहेत, त्यामुळे बिंदू मिळता मिळत नाहीत. मग मुलं जे चार बिंदू सापडतात ते टाकतात, आरएमएस एरर (बिंदू जुळवण्यातली सरासरी चूक) लहान आली की खूश होतात आणि पुढे जातात. चारही बिंदू गावाच्या एकाच कोपऱ्यात असले तरी एरर लहानच येते, आणि दुसऱ्या टोकाला नकाशा भलतीकडे गेलेला असतो. बिंदू चारी बाजूंना पसरलेले हवेत, आणि एक-दोन बिंदू बाजूला ठेवून शेवटी त्यांच्यावर तपासून बघायला हवं. यात कसूर चालत नाही, कारण गावठाणाची हद्द हा तिथल्या माणसांच्या घराचा प्रश्न असतो. रेघ तीन मीटर सरकली तर कोणाची तरी भिंत दुसऱ्याच्या जागेत दिसते, आणि कागदावर एकदा दिसली की ती पुसायला त्या कुटुंबाला किती हेलपाटे घालावे लागतात ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

प्रोजेक्टसाठी विषय विचारलात तर ठाण्याची खाडी घ्या. फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून तिथला भाग २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला, त्यामुळे खारफुटीवर काम करायला कारणही आहे आणि वाचायला साहित्यही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. खारफुटीसाठी लागणारे पट्टे (चित्रातले प्रकाशाचे बँड) १० मीटरच्या तपशिलाचे असतात आणि दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी एकाच जागेवर येतात. पट्टा ८ मधून ४ वजा करायचा, मग दोघांच्या बेरजेने भागायचं, की एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक मिळतो आणि झाडोरा उठून दिसतो. इथपर्यंत सगळे पोचतात.

पुढची गोष्ट मात्र पुस्तकात नसते. हा उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्या वेळी खाडीला भरती असेल की ओहोटी, हे त्या दिवसाच्या तिथीवर. ओहोटीच्या चित्रात ऐरोलीपासून वाशीपर्यंत काठाने चिखलाचे रुंद पट्टे उघडे दिसतात आणि भरतीच्या चित्रात तिथेच पाणी. एक चित्र भरतीचं, दुसरं ओहोटीचं घेऊन कोणी 'पाच वर्षांत खाडी एवढी आटली' असा निष्कर्ष काढला, तर त्याने मोजली ती फक्त भरती-ओहोटी. म्हणून चित्र उतरवायच्या आधी त्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि पाण्याची पातळी साधारण सारखी असलेले दोन दिवस निवडा. महिनाही तोच ठेवा, जानेवारीची तुलना जानेवारीशीच. जून ते सप्टेंबर विसरा, ढगांखाली काही दिसत नाही. पावसाळ्यातलंच पाणी बघायचं असेल तर सेंटिनेल-१ कडे वळा, ते रडार आहे, ढगांतून आरपार बघतं. पण पहिल्याच प्रोजेक्टला त्यात हात घालू नका.

आणि एकदा तरी जागेवर जा. स्क्रीनवर गडद हिरवं दिसलं ते खारफुटी आहे की पामबीच रोडच्या कडेची दुसरी झाडं, हे तिथे उभं राहून फोनवर जीपीएसचा बिंदू घेतला की कळतं. असे वीस-पंचवीस बिंदू घेऊन तुमच्या वर्गीकरणाशी ताडून बघितलेत आणि किती चुकले ते रिपोर्टात लिहिलंत, तर बाहेरचे परीक्षक तिथेच थांबून वाचतील.

नोकरीचं खरं सांगते. पहिली नोकरी बहुतेक वेळा डिजिटायझेशनची असते: दिवसभर रस्ते, इमारती, पाइपलाइनी गिरवायच्या. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअर कंपनीतल्या वर्गमित्रांपेक्षा कमी असू शकतो. त्या कामातून नजर तयार होते, पण त्यातच वर्षानुवर्षं राहू नका. एसक्यूएल आणि पायथन हातात असेल तर विश्लेषणाच्या बाजूला लवकर सरकता येतं. कामं आहेत: महापालिकांचे मालमत्ता सर्वेक्षण, पाणी आणि वीज वितरणाची जाळी, गॅसच्या लाइनी, मेट्रो, पर्यावरण अहवाल. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांच्या डेटावरचे निर्बंध बरेच सैल केले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आणलं, त्यामुळे पूर्वी ज्या कामाला परवानग्यांत महिने जायचे ते खासगी कंपन्यांना सरळ करता येऊ लागलं.

पुढे शिकायचं झालं तर मुंबई विद्यापीठाचा कलिनाचा भूगोल विभाग, पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फर्मॅटिक्सची संस्था, आणि डेहराडूनचं आयआयआरएस. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा ते संस्थेच्याच साइटवर बघा, माझ्यावर विसंबू नका.

लॅपटॉपचंही सांगते. ८ जीबी रॅम असलेला साधा चालतो. उपग्रहाचं अख्खं चित्र उघडून बसू नका, आधी खाडीपुरता तुकडा क्लिप करून घ्या. क्यूजीआयएसची एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी स्थिर आवृत्ती टाका, नवी कोरी टाकू नका, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये कोणती आवृत्ती आहे ते सरांना विचारून तीच घरी ठेवा. प्रॅक्टिकलच्या दिवशी मेनू शोधत बसायची वेळ येणार नाही.