न्यूपोर्टचं गवत, आपले दोन चॅम्पियन आणि एक शाप : वाचकांचे प्रश्न

विजय अमृतराज आणि लिअँडर पेस हे दोघं 2024 मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले (टेनिसमधल्या थोर लोकांचा कायमचा सन्मान, त्याची जागा अमेरिकेतलं न्यूपोर्ट), त्यावर मागे चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात एक वाक्य सहज टाकलं होतं, की दोघांनी तिथल्याच गवतावर सिंगल्सची टायटल्स जिंकलीत. प्रश्न आले ते सगळे त्या एका वाक्यावर. म्हणून यावेळी फक्त न्यूपोर्ट.

प्रश्न : ही न्यूपोर्टची स्पर्धा नक्की कुठली? गवतावरच्या स्पर्धा विम्बल्डनबरोबर संपतात ना?

संपतात, पण ही एक राहायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचं छोटंसं राज्य आहे, तिथलं हे समुद्राकाठचं गाव. 1976 पासून 2024 पर्यंत तिथे पुरुषांची प्रोफेशनल स्पर्धा व्हायची (2020 ला कोविडमुळे झाली नाही) आणि बरीच वर्षं ती विम्बल्डन संपलं की लगेच पुढच्या आठवड्यात असायची. म्हणजे बाकी सगळे खेळाडू हिरवे डाग धुऊन क्लेवर (मातीच्या कोर्टवर) किंवा हार्ड कोर्टवर निघालेत आणि हे तीसेक जण अजून गवतावरच. युरोपबाहेर एटीपी टूरवर (एटीपी ही पुरुषांच्या प्रोफेशनल टेनिसची संघटना, टूर म्हणजे तिच्या वर्षभराच्या स्पर्धा) गवताची ही एकच स्पर्धा उरली होती.

पहिल्याच वर्षी, 1976 ला, जिंकला विजय अमृतराज. मग 1980 ला परत आणि 1984 ला परत. लिअँडर 1998 ला जिंकला, फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नेव्हिल गॉडविनला 6-3, 6-2 असं हरवून, आणि एवढ्या मोठ्या करिअरमधलं त्याचं टूरवरचं सिंगल्सचं ते एकुलतं एक टायटल. गॉडविनही चिकाटीचा, तीन वर्षांनी 2001 ला येऊन त्याने तीच स्पर्धा जिंकून दाखवली.

प्रश्न : स्पर्धा 'न्यूपोर्ट कॅसिनो'त होते असं वाचलं. जुगाराच्या अड्ड्यावर टेनिस?

जुगार नाही हो, क्लब आहे तो. श्रीमंत लोक उन्हाळ्यात न्यूपोर्टला मुक्कामाला यायचे त्यांच्या करमणुकीसाठी 1880 मध्ये बांधलेला. बांधणारा जेम्स गॉर्डन बेनेट ज्युनिअर, 'न्यूयॉर्क हेरल्ड' पेपरचा मालक. त्याची एक गोष्ट सांगतात, कितपत खरी ते सोडा. गावात आधीपासून एक फार शिष्ट क्लब होता, तिथे बेनेटच्या एका इंग्रज दोस्ताने पैजेखातर थेट घोडा आत घातला, क्लबवाले भडकले, आणि बेनेट म्हणाला ठीक आहे, मी माझा वेगळा क्लब काढतो.

तर या रागातून म्हणा किंवा हौसेतून म्हणा जो क्लब उभा राहिला त्याच्या लॉनवर 1881 मध्ये अमेरिकेची पहिली नॅशनल चॅम्पियनशिप झाली. आज आपण जिला यूएस ओपन म्हणतो तिची सुरुवात ती हीच! पहिली सातही वर्षं, 1881 ते 1887, रिचर्ड सीअर्स हा एकच माणूस जिंकत राहिला. मग 1915 मध्ये ती स्पर्धा न्यूयॉर्कला फॉरेस्ट हिल्सला गेली. न्यूपोर्टला मागे राहिली अमॅच्युअर लोकांची एक आमंत्रितांची स्पर्धा, ती 1967 पर्यंत चालली.

पन्नाशीच्या दशकात तर कॅसिनोची ती सुंदर लाकडी इमारतच पाडायची भाषा सुरू झाली होती. ती वाचवली जिमी व्हॅन एलन नावाच्या तिथल्याच एका श्रीमंत टेनिसवेड्याने. त्याने 1954 मध्ये तिथे हॉल ऑफ फेम काढला, त्यामुळे जागेला काम मिळालं आणि जागा टिकली. पुढे प्रोफेशनल स्पर्धेच्या नावातही हॉल ऑफ फेम आलं ते यामुळे.

प्रश्न : टायब्रेकचा शोध न्यूपोर्टला लागला हे खरं का?

खरं, आणि तो शोधही याच व्हॅन एलनचा. माझ्या मते न्यूपोर्टच्या सगळ्या इतिहासात सगळ्यात भारी भाग हाच आहे, ट्रॉफ्या वगैरे नंतर.

व्हॅन एलनला लांबलेल्या मॅचेसची चीड होती. तेव्हा सेट 6-6 झाला की दोन गेम्सचा लीड मिळेपर्यंत खेळत राहायचं, मग 14-12 होवो नाहीतर 20-18. त्याने स्वतःची वेगळी स्कोअरिंग पद्धत बनवली, त्यात ड्यूस नाही, फिफ्टीन-थर्टी नाही, सरळ एक पॉइंट म्हणजे एक, टेबल टेनिससारखं मोजत जायचं. 1965 ला त्याने प्रोफेशनल खेळाडूंना न्यूपोर्टला बोलावून या पद्धतीने खेळायला लावलं. रॉड लेव्हर, केन रोझवॉल अशी मोठी मंडळी होती. ती अख्खी पद्धत कुणी घेतली नाही, पण तिच्यातून टायब्रेक निघाला, म्हणजे सेट बरोबरीत अडकला की मोजक्या पॉइंट्समध्ये त्याचा निकाल लावायचा, तो मात्र चिकटला.

आता गंमत बघा. दोनच वर्षांनी, 1967 ला, याच न्यूपोर्टच्या गवतावर एक डबल्सची मॅच झाली, डिक लीच आणि डिक डेल विरुद्ध टॉम मोझुर आणि लेन श्लॉस, स्कोअर 3-6, 49-47, 22-20. एकूण 147 गेम्स, सहा तासांहून जास्त, डबल्समध्ये सर्वाधिक गेम्सचा रेकॉर्ड. व्हॅन एलनच्याच अंगणात! त्याला आपलं म्हणणं पटवायला याहून चांगला पुरावा मिळालाच नसता. 1970 ला यूएस ओपनने टायब्रेक घेतला, तोही व्हॅन एलनच्या आवडीचा नऊ पॉइंटवाला, पाच पॉइंट पहिले मिळवेल तो सेट जिंकला, 4-4 झालं तर पुढचा एकच पॉइंट दोघांसाठी सेट पॉइंट. 1971 ला विम्बल्डननेही टायब्रेक आणला, आधी 8-8 ला. पुढे जगभर जो रुळला तो सात पॉइंटचा आणि दोनचा लीड लागणारा, आणि तो व्हॅन एलनला अजिबात आवडायचा नाही कारण तो परत लांबू शकतो. त्याचं सडन डेथ, म्हणजे एका फटक्यात मरण, तर या दुसऱ्या प्रकाराला तो रेंगाळत येणारं मरण म्हणायचा. हट्टी माणूस.

अजून एक योगायोग. 2010 च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांची शेवटचा सेट 70-68 वाली मॅच आठवते ना, तीन दिवस आणि 11 तास 5 मिनिटं चाललेली? ते दोघंही नंतर न्यूपोर्टला चॅम्पियन झाले. माहू 2013 ला आणि इस्नर तर चार वेळा, 2011, 2012, 2017 आणि 2019. टायब्रेकच्या गावात.

प्रश्न : टॉप सीडला तिथे शाप आहे म्हणतात तो काय प्रकार?

कॅसिनोचा शाप म्हणायचे. 1976 पासून एकही नंबर वन किंवा टॉप सीड, म्हणजे रँकिंगवरून स्पर्धेत पहिला मानलेला खेळाडू, तिथे जिंकला नव्हता. शेवटी 2011 मध्ये इस्नर टॉप सीड असताना जिंकला तेव्हा तो प्रकार मिटला, आणि पुढच्या वर्षी परत टॉप सीड म्हणूनच जिंकून त्याने वर शिक्का मारला.

शाप वगैरे काही नाही, कारणं सरळ आहेत. वरचे खेळाडू विम्बल्डन खेळून दमलेले, ते एकतर सुट्टी घेणार नाहीतर युरोपातच क्लेवर खेळणार. गवतासाठी अटलांटिक ओलांडून कोण जातंय? त्यामुळे ड्रॉ उघडा असायचा, टॉप सीड आणि नवव्या-दहाव्या माणसात फार फरक नाही, वर गवतावर चेंडू खाली राहतो, ज्याची सर्व्हिस त्या आठवड्यात लागली तो पुढे जातो. म्हणून चॅम्पियन्सची यादी वाचायला मजा येते. ब्रायन शेल्टन 1991 आणि 1992 ला जिंकला, हा आताच्या बेन शेल्टनचा बाप. ग्रेग रुसेडस्की 1993 ला जिंकला आणि मग थेट 2004, 2005 ला. फाब्रिस सांतोरो दोन्ही बाजूंनी दोन हातांनी खेळणारा जादूगार, तो 2007, 2008. इव्हो कार्लोविच 2016 ला, वय 37.

आणि 2009 ला भारतीय वंशाचा अमेरिकन राजीव राम. हा क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीत, हरलेला होता! ऐनवेळी कुणीतरी माघार घेतली म्हणून लकी लूजर म्हणून आत आला, आणि त्याच आठवड्यात सिंगल्सही जिंकला आणि डबल्सही. 2015 ला सिंगल्स परत एकदा. ज्यांना मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडच्या पुढे कुणी विचारत नाही अशांसाठी ती जागा होती, आणि मला ती त्यासाठीच आवडायची.

प्रश्न : भारतीयच तिथे इतके का चालायचे?

"इतके" म्हणजे दोन चॅम्पियन, पण मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडे मद्रास, कोलकाता इथे टेनिस गवतावर शिकायचे. पाहुण्या टीम्सना त्रास व्हावा म्हणून डेव्हिस कपच्या (देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या) मॅचेसही गवतावर ठेवायचे. लिअँडर कोलकात्याचा, नेटवर झेप घेऊन व्हॉली मारणं हा त्याचा जीव की प्राण, आणि बेसलाइनवर लांब रॅली मात्र त्याला परवडायची नाही. विजयचाही खेळ तसाच, सर्व्ह करायची आणि पुढे यायचं. 2018 ला चेन्नईचा रामकुमार रामनाथन फायनलला पोचला होता, स्टीव्ह जॉन्सनकडून तीन सेट्समध्ये हरला. तो जिंकता तर लिअँडरनंतर वीस वर्षांनी एटीपी सिंगल्स जिंकणारा भारतीय झाला असता.

प्रश्न : स्पर्धा आता बंद झाली का?

टूरवरची झाली. एटीपीला विजेत्याला 250 पॉइंट देणाऱ्या लहान स्पर्धा कमी करायच्या आहेत, मोठ्या स्पर्धांना जास्त दिवस द्यायचेत, त्या हिशोबात न्यूपोर्ट गेलं. शेवटची फायनल 21 जुलै 2024 ला झाली, मार्कोस गिरॉनने ॲलेक्स मिकेल्सनला हरवलं. आणि आदल्याच दिवशी, 20 जुलैला, त्याच आवारात विजय आणि लिअँडर हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले, तिथे जाणारे आशियातले पहिले पुरुष खेळाडू. म्हणजे पहिला चॅम्पियन शेवटच्या स्पर्धेला हजर. हे कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

2025 पासून तिथे खालच्या पातळीची स्पर्धा होते, पुरुषांची चॅलेंजर आणि बायकांची डब्ल्यूटीए 125, एकाच आठवड्यात. काही लोकांना हे फार लागलं. मला विचाराल तर विजेत्याचे पॉइंट कमी झाले एवढंच, गवत तेच आहे आणि बायकांचं टेनिस तिथे परत आलं हे चांगलंच झालं.

प्रश्न : आपल्यासारख्याला तिथे खेळता येतं का?

येतं. पैसे भरून तासाने कोर्ट मिळतं, अमेरिकेत अशी गवताची कोर्ट्स फार कमी. उन्हाळ्यातच जा, कपडे पांढरे न्या, आणि बूट सपाट तळव्याचे घाला नाहीतर गवतावर पाऊलच ठेवू देणार नाहीत.