होमस्कूलिंग करणारे पालक मुलांना दिवसभर बाहेर नेतात तेव्हा नेमकं काय शिकवतात? शाळेच्या सहलीत आणि त्यात फरक काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, पुढच्या वर्षीपासून घरीच शिकवायचा विचार चाललाय आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत "नुसतं हिंडणं म्हणजे शिक्षण नव्हे". बाकीचा प्रश्न मी वाचून सोडून दिला असता, पण हे वाक्य वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या मोठ्या दिरांकडून गणपतीत ऐकलंय, मुंजीत ऐकलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत भात वाढता वाढता ऐकलंय. भाऊजी गणिताचे निवृत्त शिक्षक. अख्खं आयुष्य शाळेत गेलं, आणि सख्ख्या भावाची दोन्ही पोरं शाळेत जात नाहीत हे त्यांच्या जिव्हारी लागलंय.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काय शिकवता? काहीच नाही. एका ठिकाणी जातो, एकाच, तिथे पोरं कंटाळेपर्यंत थांबतो, कंटाळली की अजून थोडं थांबतो, मग घरी. प्रश्नावली नाही, घरी आल्यावर "आज मी काय पाहिले" यावर दहा ओळी तर अजिबात नाही. काही आया लॅमिनेट केलेली वर्कशीट घेऊन किल्ल्यावर चढतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार, पण मग शाळा काय वाईट होती?

आता भाऊजी सोबत आले होते त्या दिवसाचं सांगते.

आम्ही पुण्यात राहतो. जानेवारीत जुन्नरजवळच्या नाणेघाटला, तिथलं जुनं लेणं बघायला जायचं ठरवलं, तेही मंगळवारी. मुद्दाम मंगळवार, कारण शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात तो उलटा धबधबा बघायला जी गर्दी लोटते तिच्यात मुलांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात. भाऊजी तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते, म्हणाले मीही येतो, बघू तरी तुमची शाळा. चाकणच्या ट्रॅफिकमध्येच त्यांनी थोरलीला सतराचा पाढा विचारला. ती अकरा वर्षांची आहे. सतरा सक पर्यंत आली आणि अडकली. भाऊजी काही बोलले नाहीत, फक्त मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. नारायणगावला मिसळ खाल्ली, धाकट्यानं नुसता पाव-दही खाल्लं, जुन्नर सोडलं तसं भाऊजींचं सुरू झालं की अरे शिवनेरी तो समोर, थांबत नाही? त्यांच्या शाळेची सहल एका दिवसात ओझर, लेण्याद्री, शिवनेरी असं सगळं करून रात्री परत यायची, दोन बस, एकही मूल हरवलं नाही कधी, हे त्यांच्या अभिमानाचं. मला माझ्या शाळेच्या सहली आठवल्या तर बस लागलेली आठवते आणि "रांग मोडू नका" आठवतं, कुठे गेलो होतो ते विचारू नका.

आपटाळे, चावंड करत घाटघरच्या पुढे गाडी अगदी माथ्यापर्यंत जाते. तिथे तो मोठा दगडी रांजण आहे, त्यात घाटाची जकात टाकायचे असं सांगतात. सोपारा-कल्याणकडून माल इथून वर यायचा, जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत. धाकटा सात वर्षांचा, तो रांजणापाशीच बसला. अर्धा तास. त्याचा प्रश्न एकच, रात्री हे पैसे कोण राखायचं आणि तो राखणारा स्वतः चोरत नसेल कशावरून. नवरा त्याच्याबरोबर तिथेच बसला, खडे टाकून किती आत मावतील वगैरे त्यांचं चाललं होतं. भाऊजींना ते बघवेना. "लेणं खाली आहे ना? मग इथे काय करताय?" म्हटलं भाऊजी, तो करतोय काहीतरी, राहू द्या.

मी, थोरली आणि भाऊजी लेण्यात उतरलो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: चौकोनी खोली आहे, भिंतीला लागून दगडी बाक, मागच्या भिंतीवर कधीकाळी सातवाहन राजघराण्यातल्यांचे पुतळे होते, आता पावलांच्या खुणा आणि वर नावं एवढंच उरलंय. डाव्या-उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1828 मध्ये त्याची नोंद केली आणि पुढे जुन्या लेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या आकड्यांवर काम केलं. राणीनं कुठले यज्ञ केले आणि प्रत्येकाला दक्षिणा काय दिली त्याची यादी आहे ती. हजारांनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या वेळची नाणी.

शाळेची सहल इथे आली तर काय होतं ते मी दुसऱ्या एका लेण्यात बघितलंय. मुलं आत, गाईड किंवा सर दोन मिनिटं ओरडून सांगतात, फोटो, मुलं बाहेर. आत उभं राहून भिंतीकडे बघितलं तर काळपट दगडावर ओरखडे दिसतात, बस. त्यात आधुनिक प्रेमवीरांनी बदाम कोरून ठेवलेले असतात ते जास्त ठळक दिसतात. लेख वाचायचा असेल तर टॉर्च लागतो, आणि तो समोरून मारायचा नाही. बाजूला उभं राहून भिंतीला जवळजवळ चिकटवून धरायचा, म्हणजे प्रकाश तिरका घासत जातो आणि कोरलेल्या खाचांत सावली पडते. थोरलीनं असा टॉर्च धरला आणि जिथे काही नव्हतं तिथे ओळीच्या ओळी उठून आल्या. भाऊजी "अरेच्चा" म्हणाले. मी ऐकलं, ते नंतर नाही म्हणाले तरी. (हात लावायचा नाही, खडू फिरवायचा नाही, हे मुलांना गाडीतच बजावलेलं बरं.)

ब्राह्मीची काही अक्षरं आम्ही घरी करून गेलो होतो, ती फार सोपी आहेत, 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ठ' म्हणजे नुसता गोल, 'ग' म्हणजे छपराचे दोन वासे. थोरलीला फक्त 'ग' शोध म्हटलं होतं, कारण गाई शोधायच्या होत्या. सगळं काही सापडलं नाही, बरीच अक्षरं झिजलीत, मान दुखायला लागली, मध्ये ती पंधरा-वीस मिनिटं बाकावर आडवी होऊन छताकडे बघत पडली आणि मी काही बोलले नाही. भाऊजींनी घड्याळ बघितलं. मी तेव्हाही काही बोलले नाही.

मग मी घरून आणलेला लेखाचा छापलेला पाठ काढला. एका यज्ञाची दक्षिणा बारा गाई आणि एक घोडा. बारा हा आकडा अक्षरांतही लिहिलाय आणि लगेच पुढे अंकांतही, आपण चेकवर लिहितो तसा. आणि अंकांतला बारा म्हणजे एक आणि दोन नाही. दहाची एक स्वतंत्र खूण, तिच्यापुढे दोन आडव्या रेघा. थोरली म्हणाली, मग वीस म्हणजे दहाच्या दोन खुणा का? नाही, वीसचीही वेगळी खूण. शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेलाच चार जोडायचा. लेखात एक आकडा 24,400 आहे, तो लिहायला हजाराच्या खुणेला वीस जोडलेला, पुन्हा हजाराच्या खुणेला चार जोडलेला आणि मग शंभराच्या खुणेला चार. शून्य कुठेच नाही. लागतच नाही.

इथे भाऊजी उठले. बाहेर जाऊन एक काडी घेऊन आले आणि लेण्याच्या तोंडाशी मातीत उकिडवे बसले, गुडघे दुखतात त्यांचे तरी. तिला म्हणाले, या खुणांनी 189 लिही. लिहिलं. आता त्यात 12 मिळव. ती बराच वेळ बसली. नऊ आणि दोन अकरा, म्हणजे दहाची एक खूण आणि एक रेघ, ऐंशीची खूण आणि दहा आणि दहा, म्हणजे ऐंशीची खूण पुसून शंभराची काढायची, मग शंभर आणि शंभर. "दादाकाका, यात हातचा घ्यायलाच जागा नाही. प्रत्येक वेळी सगळंच पुसावं लागतं." भाऊजी म्हणाले, आता हेच तू तुझ्या वहीत करतेस तेव्हा काय करतेस? आणि मग जे शिकवलं त्यांनी, स्थानाची किंमत, रिकाम्या जागेसाठी शून्य का लागतो, हातचा खरंतर कुठे जातो, मी इंजिनिअर आहे हो, मला ते इतकं लख्ख कुणी सांगितलं नव्हतं. थोरली 1002 वजा 789 सारख्या गणितात नेहमी अडकायची, मधल्या दोन शून्यांशी तिचं वैर. त्या दिवशी तिनं ते मातीत केलं आणि स्वतःच बरोबरची खूण केली. धाकटा येऊन आकड्यांवरून चालत गेला, मग परत काढावं लागलं.

तोवर वर माकडांनी गाडीच्या उघड्या खिडकीतून दशम्यांचा डबा लांबवला होता. शेंगदाण्याची चटणी तेवढी ठेवली.

तर परत येताना मला वाटलं आता तरी. पण नाही. राजगुरुनगरच्या आसपास भाऊजी म्हणाले, "हे सगळं मी फळ्यावर चाळीस मुलांना एका तासात शिकवलं असतं. तुम्ही दोन मुलांसाठी अख्खा दिवस आणि टाकीभर पेट्रोल घालवलं."

याला मी गाडीत उत्तर दिलं नाही कारण नवरा गाडी चालवत होता आणि त्याला मध्ये पडायचं नव्हतं. इथे देते. भाऊजी, एका तासात शिकवलं असतंत, खरं आहे, आणि उत्तमच शिकवलं असतंत. पण तुम्ही आयुष्यभर स्थानिक किंमत शिकवलीत, वर्षानुवर्षं दोन दोन बस घेऊन जुन्नरपर्यंत आलात, आणि तिथून तासाभरावर असलेले हे आकडे एकाही पोराला दाखवता आले नाहीत, कारण वेळापत्रकात लेण्याद्रीला पाऊण तास आणि पुढे जेवण होतं. यात तुमची चूक नाही. शंभर पोरं घेऊन त्या लेण्यात टॉर्च तिरका धरून बसताच येत नाही. पण मग "हे शाळेतही होतं" असं म्हणू नका, होत नाही. आणि ती पंधरा-वीस मिनिटं आडवी पडली होती ना, शाळेच्या सहलीत तिला तिसऱ्या मिनिटाला उठवलं असतं.

हां, आता तुमच्यासाठी काही गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. आम्हाला मंगळवारी जाता येतं कारण माझं काम घरून आहे आणि नवऱ्याला सुटी मिळते, दोघंही नऊ ते सहा ऑफिसात असाल तर हे सगळं वेगळं होईल. पाढे पाठ हवेत हे भाऊजींचं म्हणणं मला मान्य आहे, ते आम्ही घरी करतो, सतराचा अजून डगमगतोच. खिडकीच्या जागेवरून मैत्रिणींशी भांडण, बसमधल्या अंताक्षऱ्या, हे आमच्या पोरांना मिळत नाही, त्याला मी काही पर्याय काढू शकले नाही, दुसरं एखादं कुटुंब सोबत घेतलं तर थोडंफार होतं. मुलगी शाळेत रमत असेल तर काढू नका, खरंच. कुणाला दाखवून द्यायला तर मुळीच काढू नका.

कायद्याचं विचारलंय: शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 6 ते 14 वयाला लागू, त्यात घरी शिकवण्याची सरळ तरतूद नाही, आणि तरीही लोक करतायत. पुढे दहावीसाठी बरेचजण एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाची, परीक्षा देतात, तिला किमान वय 14 लागतं, किंवा आपल्या बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबर फॉर्म भरतात, त्याच्या अटी मात्र नीट वाचून घ्या. खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि मिसळ.

नाणेघाटला जाणार असाल तर पाऊस संपल्यावर जा, गवत पिवळं झालं की बरं. टॉर्च दोन घ्या, एक मोठ्या माणसाकडे. गाडीच्या काचा पूर्ण वर. अंधार पडायच्या आत जुन्नर गाठा, उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत आणि मुलं मध्येच गाडी थांबवायला लावतात. टॉयलेटचं मात्र जुन्नरमध्येच उरकून घ्या, वर सोय मिळेल असं धरून चालू नका.