जू २८७ व्ही१ (जर्मन जेट बॉम्बरचा पहिला नमुना), १/७२ प्रमाणातलं प्लॅस्टिक मॉडेल: पंखांचा कोन चुकतो, मॉडेल शेपटीवर बसतं. काय करावं?

आधी वजन. या विमानाचे पंख पुढच्या बाजूला झुकलेले, त्यामुळे त्यांचा जोड धडावर बराच मागे येतो आणि मॉडेल मागे कलतं. नाक काचेचं, तिथे वजन लपत नाही. कॉकपिटमागची पोकळी आणि धडाच्या पुढच्या बाजूंची दोन युमो ००४ जेट इंजिनं, या जागा वजनासाठी वापरा. सगळे भाग टेपने जोडा, मुख्य चाकांच्या रेषेत पेन्सिलीवर तोला, नाक खाली जाईपर्यंत वजन वाढवा आणि त्यावर आणखी ५ ग्रॅम टाका. वजनाचे शिशाचे छर्रे एपॉक्सीनेच (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) बसवा. फेविकॉलमध्ये शिसं हळूहळू फुगतं आणि काही वर्षांनी धडाचा जोड उकलतो.

पंखांच्या मुळाशी १ मिमी पितळी तार आरपार घाला. चिकटवल्यावर पंखांच्या दोन्ही टोकांपासून नाकापर्यंत दोऱ्याने मापा; अंतर सारखं आलं पाहिजे. काचेच्या पारदर्शक भागांना मात्र फेविकॉलच, सुपरग्लूच्या वाफेने ती पांढुरकी होते.

चाकं आत घेऊ नका, व्ही१ची चाकं स्थिरच होती. ऑगस्ट १९४४च्या चाचण्यांत हवेचा प्रवाह टिपायला पंखांवर लोकरीचे धागे चिकटवले होते. तापवून ताणलेल्या स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) ३ मिमी तुकडे त्या धाग्यांच्या जागी फार सुंदर दिसतात, पण रंगकाम संपल्यावरच लावा.