व्यंगचित्राचा मथळा झाकून पाहा

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाचं काम मी पाहतो. पोलीस सुधारणांवरची दोन व्यंगचित्रं वर्तमानपत्रांतून कापून फलकावर लावली. एकात हवालदाराचे हात दोरीने बांधलेत, दोरीवर लिहिलंय 'तक्रार प्राधिकरण' (पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था), आणि चोर बोचकं घेऊन पळतोय. मथळा : 'घ्या, झाली सुधारणा!' दुसऱ्यात पोलीस म्हणजे कळसूत्री बाहुली. दोऱ्या वर एका खुर्चीला बांधलेल्या आणि बाहुलीचा हात लोकांच्या खिशात. मथळा : 'सगळे असलेच!' संध्याकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांत वाद जुंपला. एक म्हणतो, अतिशयोक्ती आहे म्हणून दोन्ही खोटी. दुसरा म्हणतो, काढणारा कुठल्या पक्षाचा ते आधी सांगा. तर्कदोष नेमका शोधायचा कुठे? आणि चित्रं उतरवू का?

उत्तर : पक्षाचं लगेच सांगून टाकते. चित्रकार कुणाचाही असो, त्याचं म्हणणं खरं की खोटं हे त्यावरून ठरत नाही. अतिशयोक्तीचा आक्षेप घेणाऱ्यांशी मात्र थोडं बसून बोलायला हवं.

न्यायसूत्रं हा तर्कावरचा प्राचीन ग्रंथ. त्यात छलाचे, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा भलताच अर्थ लावून त्याला खोडण्याचे, तीन प्रकार सांगितलेत. त्यांतला उपचारछल म्हणजे लाक्षणिक बोलणं शब्दशः धरून खोडून काढणं. त्याचं जुनं उदाहरण आहे, 'मंच ओरडतात'. ओरडतात ती मंचावर बसलेली माणसं. रात्री शेतातल्या माळ्यावर बसून रानडुकरं हाकलणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. 'पोलीस काय बाहुली आहे?' असं विचारणारा 'लाकूड कसं ओरडेल?' असंच विचारतोय. व्यंगचित्राची भाषाच फुगवून बोलण्याची. त्या फुगवट्याच्या आत जे विधान असतं, ते तपासायचं.

बारावीच्या वर्गात मी मुलांना मथळ्यावर अंगठा ठेवायला लावायचे. मथळा आपल्याला आधीच हसवतो किंवा चिडवतो, मग चित्र कुणी पाहत नाही. मथळा झाकला की चित्राचं एक साधं वाक्य करायचं आणि त्याला 'कारण' जोडायचं. पहिल्या चित्राचं वाक्य असं होईल : 'सुधारणांमुळे चोर सुटतात, कारण पोलिसांविरुद्ध तक्रारीची सोय म्हणजे त्यांचे हात बांधणं.'

आता हे वाक्य सुधारणांच्या शेजारी ठेवून पाहा. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. तक्रार प्राधिकरण हा त्यांतला फक्त एक. बाकीच्यांत काय आहे? पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला किमान दोन वर्षं एका जागी राहू द्यायचं. बदल्या ठरवायला पोलीस अधिकाऱ्यांचंच मंडळ हवं. तपासाचं काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळं करायचं. सरकारचा पोलिसांवर गैरवाजवी दबाव येऊ नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग नेमायचा. यांतल्या बहुतेक गोष्टी पोलिसांचे हात सोडवणाऱ्या आहेत. चित्रकाराने सातांतला एक उचलला, त्याची दोरी केली आणि तिलाच 'सुधारणा' म्हटलं. याला मी बुजगावण्याचा दोष म्हणते, बुजगावणं पाडायचं आणि शेतकऱ्याला हरवलं म्हणून सांगायचं.

त्याच चित्रात दुसरा दोष लपलाय. तक्रार ऐका नाही तर चोर पकडा, दोन्ही होणार नाही, असं चित्र गृहीत धरतं. ते सिद्ध कुणी केलं? २०२० च्या डिसेंबरात न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. कोठडीतल्या माणसाला मारहाण झाली तर कॅमेऱ्यात दिसेल, आणि एखाद्या शिपायावर खोटा आळ आला तर तोही त्याच कॅमेऱ्याने पुसला जाईल.

बाहुलीच्या चित्रापाशी मी जास्त वेळ थांबले. माझे वडील हवालदार होते. एका बंदरावर असताना त्यांनी रात्री वाळूचा ट्रक अडवला. आठवड्याच्या आत बदलीचा कागद आला. भर पावसात, शाळा नुकती सुरू झालेली, आम्ही ट्रंका बांधल्या. आई म्हणायची, ट्रकामुळेच झालं. वडील म्हणायचे, ''ट्रक आधी, बदली नंतर, एवढंच मला माहीत.'' तर्कशास्त्राचा पहिला धडा मला त्यांनी दिला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असं होत नाही. पण मला आजही वाटतं की आमच्यासारख्या घराला खरं कारण कळायला हवं होतं. दोन वर्षांच्या नियमाचं महत्त्व मला त्यासाठी वाटतं. मुदतीआधी कुणाला हलवायचं तर ठरावीक कारण असावं लागतं, आणि कारण दाखवावं लागलं की संशय तपासता येतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अधिकाऱ्यांसाठी दोन वर्षांची मुदत आणली. तिथेही अपवादाच्या वाटा आहेत, त्यांच्यावर लोकांनी लक्ष ठेवायला हवं.

म्हणून बाहुलीच्या दोऱ्या हा मला तर्कदोष वाटत नाही. तो गंभीर आरोप आहे आणि पुरावा मागण्याजोगा आहे. दोष आहे तो 'सगळे असलेच' या मथळ्यात. काहींच्या वागण्यावरून साऱ्या खात्याला शिक्का मारला. माझ्या वडिलांचं नाव पुढे करून सगळं खातं प्रामाणिक आहे असं मी म्हटलं, तर तीही तीच चूक. शिवाय चित्र स्वतःलाच छेदतं. हात दोरीनेच हलत असेल तर खिशात तो घातला कुणी, बाहुलीने की खुर्चीने? ही शंका तुमच्या मंडळींना विचारा, वाद चांगला रंगेल.

चित्रं उतरवू नका. मथळ्यांवर कागदाची पट्टी चिकटवा, खाली कोरा कागद लावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या चित्राचं 'कारण' घातलेलं वाक्य लिहू द्या. शेजारी ते सात निर्देश सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत लावा. चष्मा विसरून येणारेही असतात. आठवडाभराने पट्ट्या काढा आणि कुणी काय लिहिलं ते मला कळवा.