जावा ११ निवडलं, तरी एरर का?

प्रश्न : ताई, उबंटू २२.०४ वर जावा ११ आणि १७ दोन्ही टाकलेत. जुन्या प्रोजेक्टसाठी अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने (कोणतं व्हर्जन वापरायचं ते ठरवणारी कमांड) ११ निवडलं, तरी चालवताना एरर येतो की क्लास फाइलचं (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) व्हर्जन ६१ आहे, ५५ पर्यंतचंच चालेल. १७ काढूनच टाकू का?

उत्तर : अजिबात नको! ६१ म्हणजे १७ ने कंपाइल केलेलं, ५५ म्हणजे ११, म्हणजे तुम्ही फक्त प्रोग्रॅम चालवणारं 'जावा' बदललंत आणि कंपाइल करणारं 'जावासी' (javac) १७ वरच राहिलं, कारण दोघांच्या लिंक वेगवेगळ्या असतात. यूएसआर-बिनमधलं (/usr/bin) जावा ही नुसती लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण आहे, ती जाते ईटीसीमधल्या अल्टरनेटिव्ह्ज फोल्डरला (/etc/alternatives) आणि तिथून खऱ्या जावाकडे. ऑटो मोडमध्ये जास्त प्रायॉरिटीवालं आपोआप लागतं, हाताने निवडलं की मग तेच राहतं. डेबियनवाल्यांची (उबंटू त्यावरच बेतलेलं आहे) ही सोय मला मनापासून आवडते, दोन्ही व्हर्जन सुखाने एकत्र नांदतात.

तुम्ही अपडेट-जावा-अल्टरनेटिव्ह्ज वापरा, त्याने सगळ्या लिंक एकदम बदलतात, मग जुन्या क्लास फाइली उडवून परत कंपाइल करा. मेव्हन (प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) वापरत असाल तर जावा-होमही (जावा कुठे आहे ते सांगणारं JAVA_HOME सेटिंग) बघा, ते सेट असेल तर मेव्हन तेच घेतं आणि या कमांडने ते बदलत नाही.

आणि हो, हाच प्रयोग पायथन ३ वर प्लीज करू नका, उबंटूची स्वतःची टूल्स त्याच्यावर चालतात, लिंक बदलली की कधीकधी टर्मिनलसुद्धा उघडत नाही. तिथे व्हेन्व (venv, प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवा.