'फ्लॅग कॅप्टन'ला 'ध्वजकप्तान' म्हणावे का?

ब्रिटिश ताफ्यातली युद्धनौका 'व्हिक्टोरिया' हिच्या अपघातावरील (२२ जून १८९३) मजकूर मराठीत आणताना 'फ्लॅग कॅप्टन' आणि 'स्टाफ कमांडर' यांना काय म्हणावे, अशी विचारणा आहे.

'ध्वजकप्तान' नको. ध्वज सांभाळणारा कोणी असावा, असे वाटते. ज्या जहाजावर ॲडमिरलचा ध्वज फडकतो त्याचा कॅप्टन तो फ्लॅग कॅप्टन, म्हणून 'ध्वजनौकेचा कॅप्टन' लिहा. जहाज त्याचे, ताफा ॲडमिरलचा. ताफ्याची रचना ॲडमिरल संकेताने ठरवतो, सुकाणूचा हुकूम कॅप्टन देतो.

'स्टाफ कमांडर'चा 'स्टाफप्रमुख' तर मुळीच करू नका. तो नौकानयन शाखेतला हुद्दा होता. 'नौकानयन अधिकारी' पुरे.

हे नेमके हवे, कारण त्या दिवशीचा पेच याच नात्यांमधला आहे. 'व्हिक्टोरिया'वरून ताफ्याचे नेतृत्व करणाऱ्या ॲडमिरल ट्रायनने जहाजांच्या दोन रांगांना एकमेकींकडे तोंड करून वळायला लावायचे ठरवले. नौकानयन अधिकारी हॉकिन्स-स्मिथने रांगांत निदान आठ केबल अंतर हवे, असे सुचवले. ट्रायनने मान्य केले आणि संकेत मात्र सहाचा दिला. केबल म्हणजे सागरी मैलाचा दशांश, सुमारे १८५ मीटर ('तार' लिहिलेलेही पाहायला मिळते!). एकेका जहाजाचा वळणव्यास ७३० मीटरच्या आसपास, म्हणजे दोघांना मिळून साधारण १४६० मीटर. सहा केबल म्हणजे जेमतेम ११०० मीटर. आठसुद्धा काठावरच.

दुसऱ्या रांगेतल्या 'कॅम्परडाउन'शी टक्कर समोर दिसत असताना 'व्हिक्टोरिया'चा कॅप्टन बोर्क याने मळसूत्रे (जहाज ढकलणारे पंखे) उलटी फिरवण्याची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली. इथे 'विनंती केली' न लिहिता 'परवानगी मागितली'च लिहा. जहाज त्याचे असूनही ॲडमिरल शेजारी उभा असल्याने तो आपल्या मनाने हुकूम देत नव्हता, हे त्यात येते. ट्रायनसह ३५८ जण बुडाले. लष्करी न्यायालयाने दोष ट्रायनचा ठरवला, बोर्कला निर्दोष सोडले.

आणखी एक सापळा 'ॲट द डिप'चा, म्हणजे अर्ध्यावर ठेवलेल्या उत्तराच्या ध्वजाचा आहे; ही गोष्ट टकरीच्या आधीची. दुसऱ्या रांगेचा प्रमुख, रिअर ॲडमिरल मार्कहॅम, 'कॅम्परडाउन'वर होता. संकेताचा अर्थ त्याला पटेना, म्हणून उत्तराचा ध्वज अर्ध्यावरच ठेवला गेला: 'संकेत दिसला, उलगडला नाही'. तेव्हा ट्रायनने 'कशासाठी थांबला आहात?' असा संकेत केला. इथे 'ध्वज अर्ध्यावर उतरवला' लिहिले, तर वाचक कोणाचा शोक पाळला जातोय ते शोधू लागेल. 'उत्तराचा ध्वज पूर्ण चढवला नाही' हे बरोबर.