इंटरनेट बंद ठेवलं तरी जीपीएसला आपण कुठे आहोत हे कसं कळतं? उपग्रह आपल्यावर नजर ठेवून असतात का?

नाही हो. तुम्ही जगात आहात याचाच उपग्रहाला पत्ता नसतो, मग कुठे आहात हे तर दूरच राहिलं.

गाड्यांना बसवायच्या ट्रॅकरचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम, त्यामुळे हा गैरसमज रोज भेटतो. जीपीएसचा उपग्रह म्हणजे सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारं बोलकं घड्याळ. ‘मी अमुक नंबरचा उपग्रह, माझी कक्षा ही, आत्ता इतके वाजले’ एवढंच ते अखंड सांगत राहतं. ऐकणारा एक असो की अब्ज, त्याला फरक पडत नाही. मोबाईल नुसता ऐकतो, उलट एक अक्षरही वर पाठवत नाही.

डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश खाली यायला साधारण 67 मिलिसेकंद लागतात. किती वेळ लागला ते कळलं, की प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, अंतर मिळालं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी, पण इथे खरी गोम आहे. उपग्रहात आण्विक घड्याळ असतं, मोबाईलमध्ये साधं क्वार्ट्झचं. ते एक मायक्रोसेकंद जरी चुकलं, तरी अंतर 300 मीटरने चुकतं! म्हणून चौथा उपग्रह लागतो. मोबाईलचं घड्याळ जितकं चुकलंय तितकीच चूक चारही अंतरांत सारखी शिरलेली असते. त्यामुळे अक्षांश, रेखांश, उंची आणि ही चूक अशी चार अज्ञातं चार समीकरणांतून सुटतात. जागा शोधता शोधता मोबाईलला जवळपास आण्विक घड्याळाइतकी अचूक वेळ फुकटात मिळते. मला तरी या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

(आइन्स्टाइनही यात आहेच. वेगामुळे आणि विरळ गुरुत्वाकर्षणामुळे वरची घड्याळं दिवसाला एकूण 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्यात प्रकाश 11 किलोमीटर कापतो. म्हणून ती पाठवण्याआधीच मुद्दाम किंचित मंद लावलेली असतात.)

आता तुमचं इंटरनेट. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त 50 बिट या गतीने सांगतो. एका उपग्रहाची कक्षा नीट ऐकायलाच अर्धा मिनिट जातो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. इंटरनेट असेल तर मोबाईल हे सगळं आयतं उतरवून घेतो, म्हणून ठिपका लगेच दिसतो. नसेल तर थोडं थांबावं लागतं, इतकंच.

मग ट्रॅकिंग कोण करतं? ते काम दुसऱ्याच वाटेने होतं. ट्रॅकर आधी स्वतःची जागा काढतो, मग आतल्या सिमवरून ती सर्व्हरला कळवतो. रेंज नसेल तर जागा साठवून ठेवतो आणि रेंज आली की सगळं एकदम ओततो. मोबाईलचंही तसंच: तुम्ही परवानगी दिलेलं एखादं ॲप तुमची जागा पुढे कळवतं. शिवाय जीपीएस बंद असलं, तरी आसपासचे टॉवर आणि वायफाय राउटर यांवरून अंदाज बांधता येतो. तेव्हा शंका घ्यायचीच असेल तर आकाशाकडे बघू नका, ॲपच्या परवानग्या तपासा.

आणि ठिपक्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. सुरुवातीला मी एक ट्रॅकर रात्रभर खिडकीत ठेवून गेलो होतो. सकाळी नकाशावर बघतो तर पठ्ठ्या दोन-अडीच किलोमीटर फिरून आलेला! समोरच्या इमारतीवर आपटून आलेले सिग्नल त्याने सरळ आलेले समजून मोजले होते. दर वेळी पाच-दहा मीटरची उडी, आणि अशा शेकडो उड्यांची बेरीज. तेव्हापासून कंपन जाणवत नसेल तर जागा गोठवून ठेवायची, हा नियम मी प्रत्येक ट्रॅकरमध्ये घालतो.

पटत नसेल तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि मोकळ्या आभाळाखाली नकाशा उघडून चालायला लागा. बहुतेक फोनमध्ये जरा वेळाने निळा ठिपका तुमच्यासोबत चालू लागेल. त्याच्याखालचा नकाशा मात्र, आधी उतरवून ठेवला नसेल तर, कोराच राहील.